नववीचा गोठा

गोठ्याच्या दारात चुन्याचा जाड पट्टा टाकलाय. नववीची मुलं एकेक करून त्यावर बूट घासत आत येताहेत. दप्तरं वर्गात, चपला बाहेर, पायांत शाळेचे गमबूट. बूट सगळ्यांना पुरत नाहीत, त्यामुळे निम्मा वर्ग आत आणि निम्मा बाहेर जाळीला नाक लावून उभा आहे. थोड्या वेळानं अदलाबदल व्हायची आहे. बाहेरच्यांना घाई झालीय, आतल्यांना दम निघत नाही. मॅडम हात आडवा धरून सगळ्यांना जाळीशी थोपवतात.

"पाच मिनिटं कुणी कुठल्या जनावराला हात लावायचा नाही. बोलायचं पण नाही. नुसतं बघा."

आणि पोरं खरोखर गप्प होतात.

शिरूर तालुक्यातली ही एक माध्यमिक शाळा. ऑक्टोबर सरत आलाय, पाऊस नुकताच उघडलाय आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे. शाळेच्या मागच्या अंगाला हा गोठा. पत्र्याचं छप्पर, चारही बाजूंनी थेट छपरापर्यंत जाळी, खाली मुरूम. सांगाड्याचं वेल्डिंग मागच्या दहावीच्या मुलांनी केलेलं आहे, ते सांगताना आताची मुलं घरातल्या थोरल्या भावाबद्दल बोलल्यासारखी बोलतात. आत काही उस्मानाबादी शेळ्या आहेत, काळ्याभोर, लांब कानांच्या. त्यांची करडं आहेत. एक बोकड आहे. पलीकडच्या कप्प्यात गावातल्या एका शेतकऱ्यानं शाळेला दिलेली संकरित गाय आहे. आणि सगळ्यांपासून लांब, बांधाकडेला, वेगळ्या कुंपणात एक नवी शेळी आहे. ती चाकणच्या बाजारातून आणलीय. तीन आठवडे ती तिथंच राहणार. तिचं वैरणपाणी सगळ्यांच्या शेवटी करायचं आणि ते करून आलं की पुन्हा करडांकडे फिरकायचं नाही, असा इथला नियम आहे. बाजारातून आलेलं जनावर वरून कितीही तजेलदार दिसो, पोटात किंवा श्वासात काय घेऊन आलंय ते पहिल्या दिवशी कळत नाही. पीपीआर ही शेळ्यांची साथ अशीच येते आणि आठवड्याभरात सगळा कळप आडवा करते.

पाच मिनिटं संपतात.

"बोला."

"तीन शेळ्या बसून रवंथ करत्यात."

"बोकडाचा एक डोळा पाणावलाय."

"ती खांबाजवळची एकटीच उभीय. रवंथ करत नाय. मघापासून तिनं कान पण हलवला नाय." हे बोलणारी मुलगी बुटकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. मग ती जरा थांबते आणि म्हणते, "तिच्या जबड्याखाली कायतरी लोंबतंय, मॅडम. पाणी भरल्यावानी."

कोपऱ्यात रजिस्टर चाळत उभे असलेले डॉक्टर मान वर करतात. ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले. आज ते मुद्दाम आलेत. ते त्या मुलीला विचारतात, "तुझ्या घरी शेळ्या आहेत?"

"हायेत. आईच्या."

"तुला हे कुणी शिकवलं?"

मुलगी खांदे उडवते. कुणीच नाही. तिनं बघितलेलं आहे, एवढंच.

मला या मुलांबद्दल आल्या आल्या जाणवलेली गोष्ट हीच आहे. यातलं जवळपास प्रत्येक पोर कळायला लागल्यापासून जनावरांचं करतंय. शेण काढणं, पाणी दाखवणं, शाळेतून आलं की शेळ्या बांधाला नेणं. पण घरी हे काम कुणी शिकवत नाही, ते नुसतं पडतं. आणि शाळेच्या लेखी ते शिक्षण नव्हतंच. पोर दिवसातले दोन-तीन तास ज्या कामात घालवतं, त्याबद्दल त्याला शाळेत एक प्रश्न विचारला जात नाही, मग ते काम त्यालाही हलकं वाटायला लागतं. ही चूक आपण पिढ्यानपिढ्या केली आणि त्याची किंमत जनावरांनीही मोजली, पोरांनीही.

ही चूक सुधारायचा एक प्रयत्न इथून जवळच, पाबळला झाला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातलं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, आणि ते काम गावाला उपयोगी पडेल असंच असायचं, ही त्यांची धारणा. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शालेय विषय उभा राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वर्गाबाहेर काढायचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. या शाळेतही तो शिकवतात, आणि आज नववीचा शेती-पशुपालनाचा दिवस आहे.

खांबाजवळच्या त्या शेळीचं नाव काजळ. वेण्यावाली मुलगी तिला समोरून, हळू आवाजात बोलत जवळ करते. एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे. डॉक्टर खिशातून एक रंगीत कार्ड काढतात. त्यावर पाच पट्टे आहेत. पहिला लालभडक, मग एकेक फिकट होत पाचवा जवळजवळ पांढरा. हे फामाचा कार्ड. मुळात दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालेलं, पण शेळ्यांनाही चालतं.

"वरची पापणी अंगठ्यानं मिटव. आता हलकासा दाब दे. दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढ. हां. आता आतलं बघ."

मुलगी वाकते. पापणीच्या आतली ओली त्वचा चटकन बाहेर येते. ती गुलाबी असायला हवी. ती फिक्कट आहे, धुतलेल्या जुन्या कापडाच्या रंगाची. मुलगी कार्ड डोळ्याशेजारी धरते, उजेडाकडे वळते, पुन्हा बघते.

"चार."

"नक्की?"

"चार नाय तर पाच. तीन तर नायच."

डॉक्टर स्वतः बघतात आणि मान हलवतात. चारच. शेळीच्या चौथ्या पोटात एक बारीक जंत राहतो, तो रक्त पितो. पावसाळ्यात गवत ओलं असतं, त्याची पिल्लं पात्यावर चढून बसतात आणि सकाळी दव असताना शेळ्या चरायला सोडल्या की घासाबरोबर आत जातात. रक्त कमी झालं की जबड्याखाली पाणी साठतं. वेण्यावालीला दिसलेलं 'पाणी भरल्यावानी' ते हेच.

"मग सगळ्यांनाच जंताचं औषध पाजू की, सर," मागून एक मुलगा म्हणतो. "आमच्याकडं दर दोन महिन्याला सगळ्यांना देत्यात."

डॉक्टरांना हाच प्रश्न हवा होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं. ते एका शेळीची पापणी उलटून दाखवतात, ती लाल आहे. दुसरीची, तीही लाल. "हिला गरज आहे का? नाही. सगळ्यांना उठसूट औषध दिलं की औषधाला दाद देणारे जंत मरतात. जे दाद देत नाहीत तेच मागं राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. दोन-चार वर्षांनी ते औषध तुझ्या गोठ्यात पाणी पाजल्यासारखं होईल. ज्याला हवं त्यालाच द्यायचं. आणि द्यायचं तेव्हा वजनाप्रमाणे पूर्ण द्यायचं, अंदाजानं अर्धं-मुर्धं नाही."

वजनासाठी काटा नाही, टेप आहे. छातीचा घेर अठ्ठावीस इंच. खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी पंचवीस इंच. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 660. फळ्यासमोर ज्याला हे गणित जमणार नाही असं वाटावं तो मुलगा इथं शेणकाडीनं जमिनीवर आकडे मांडतो आणि पहिला ओरडतो, "तीसला थोडं कमी!" मॅडम मोबाइलवर ताडून बघतात. बरोबर आहे.

आता औषध पाजायचं. यात इतकं काय शिकवायचं असतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मीही जाळीजवळ सरकून बघतेय. एक धिप्पाड मुलगा पुढं येतो, शेळीचं तोंड धरतो आणि सवयीनं आभाळाकडं वर करतो. डॉक्टर त्याचा हात तिथंच पकडतात.

"थांब. आता तू औषध ओतलंस तर कुठं जाईल?"

"पोटात."

"तू मान मागं टाकून, तोंड वर करून एक तांब्या पाणी घशात ओतून बघ. ठसका लागतो ना? तिला खोकता येईलच असं नाही. औषध श्वासनळीतून फुप्फुसात जातं. दोन दिवसांनी ताप, चार दिवसांनी शेळी मरते. घरचे म्हणतात, औषध वाईट निघालं. औषध चांगलं असतं. हात चुकलेला असतो."

मुलगा तोंड खाली आणतो. किती? पाठीच्या रेषेत. जीभ ओढून धरायची नाही, तिला ती गिळायला लागते. सिरिंजचं तोंड ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसतात त्या फटीतून आत. थोडंसं औषध. मग थांबायचं आणि गळ्याकडे बघायचं. काजळच्या गळ्यावर एक लहानशी लाट वरून खाली जाते. गिळलं. पुन्हा थोडं. पुन्हा लाट. इतका आडमाप मुलगा, पण सिरिंजचा दांडा तो आता मिलिमीटरनं सरकवतोय. त्याच्या कपाळावर घाम आलाय. सगळा वर्ग एका शेळीच्या गळ्याकडे टक लावून बघतोय. औषध संपतं तेव्हा वेण्यावाली रजिस्टर उघडून तारीख, वजन, औषधाचं नाव, मात्रा लिहिते आणि पुढच्या रकान्यात डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मोजून आणखी एक तारीख घालते. त्या तारखेपर्यंत काजळचं दूध कुणी प्यायचं नाही आणि ती विकायची नाही. औषधाचा अंश दुधा-मांसातून माणसाच्या पोटात जातो, हे या मुलांना आता पाठ झालंय. मोठ्यांच्या बाजारात हा रकाना अजून नाही. तो यायला हवा, आणि तो आणायचा असेल तर याच वयात हाताला त्याची सवय लागली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गायीच्या कप्प्याकडे जाताना गडबड उडते. "आमच्याकडं दहा जनावरं हायेत," असं सकाळपासून सांगणारा एकजण सरळ मागून जातो आणि गायीच्या पाठीवर थाप मारायला हात उचलतो. मॅडमचा आवाज चढतो. एरवी त्या शांत बोलतात.

गाय मागे सरळ लाथ मारते, हा समज. प्रत्यक्षात तिचा पाय पुढून बाजूला आणि मागं असा कमानीत फिरतो. तिला दिसत नाही अशा जागेतून आलेल्या स्पर्शाला ती बुजते. म्हणून आधी लांबूनच आवाज द्यायचा, खांद्याच्या बाजूनं यायचं, हात अंगावर ठेवला की उचलायचा नाही, अंगावरून सरकवत पुढं-मागं व्हायचं. नुकतीच व्यालेली असेल तर वासरू आणि तिच्यामध्ये उभं राहायचं नाही. तोच मुलगा पुन्हा लांबून सुरुवात करतो. "हो... हो... बाई," म्हणत खांद्याशी येतो. गाय कान वळवून त्याच्याकडं बघते आणि वैरणीत तोंड घालते.

मग तो कासरा सोडतो आणि त्याचे दोन वेढे तळहाताला घेतो. डॉक्टर काही न बोलता ते वेढे सोडवतात, कासऱ्याची नागमोडी घडी करून त्याच्या मुठीत देतात आणि अचानक दुसरं टोक जोरात ओढतात. कासरा मुठीतून सळसळत निसटून जातो. मग ते त्याला पुन्हा वेढे घ्यायला लावतात आणि अगदी हळू ओढतात. मुलाची बोटं आवळतात, हात पुढं येतो, मागोमाग तो स्वतः. "मी हळू ओढतोय," डॉक्टर म्हणतात. "हिचं वजन साडेतीनशे किलो आहे. बुजली तर हळू ओढणार नाही." मुलगा मनगट चोळत कासऱ्याची घडी करतो. बाकीची पोरंही आपापल्या दोऱ्या तपासतात. गळ्याला आवळत जाणारा फास नको. खुंट्याला मात्र सुरगाठ हवी, एका ओढीत सुटणारी. गोठा पेटला किंवा जनावर दाव्यात अडकलं तर निरगाठ सोडवत बसायला वेळ नसतो. मुली हे पटकन करतात. मुलगे मागं पडलेत आणि त्यांना ते खुपतंय.

कडबाकुट्टीच्या यंत्रापाशी सगळ्यांना पिवळ्या रेघेच्या मागं उभं केलं जातं. इथं मुलांनी यंत्र चालवायचं नाही, असा शाळेचा ठाम नियम आहे. ते मोठ्या माणसाचं काम. पण घरी काय होतं ते मॅडमना ठाऊक आहे. त्या विचारतात, घरी कुट्टी कोण करतं? सुरुवातीला कुणी बोलत नाही. मग एक हात वर होतो, मग दुसरा. मग बरेच.

शाळेचे शिपाईमामा एक जुना रबरी हातमोजा आणतात. त्यात कडब्याची धाटं ठासून भरलीत, बोटं ताठ उभी आहेत. ते यंत्र सुरू करतात आणि लांब दांड्यानं तो मोजा वैरणीबरोबर तोंडात सरकवतात. रूळ त्याला पकडतात. नंतर जे होतं ते इतकं झटकन होतं की डोळ्यांना नीट दिसतही नाही. फक्त आवाज एका क्षणापुरता बदलतो. पलीकडून कडब्याच्या तुकड्यांत रबराचे बोटभर तुकडे पडतात.

कुणी हसत नाही. एका मुलीनं तोंडावर हात घेतलाय.

शिपाईमामा बटण बंद करतात, प्लग उपसून काढतात आणि तो हातात धरून सगळ्यांना दाखवतात. ओला चारा अडकला की माणूस यंत्र चालू ठेवून हात घालतो, नाहीतर बटण बंद करून घालतो आणि पाठीमागून कुणीतरी ते चालू करतं. म्हणून प्लग काढून स्वतःच्या खिशात. तेव्हाच झाकण उघडायचं. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, सैल बाह्या यांपैकी काहीही घेऊन या यंत्राजवळ जायचं नाही. आणि यंत्राच्या तोंडाला लांब पन्हाळ असली पाहिजे, म्हणजे हात रुळापर्यंत पोचूच शकत नाही. "घरी जाऊन पन्हाळ किती लांब आहे ते मोजा आणि उद्या सांगा," मॅडम म्हणतात. वहीत आकडा आला की बापाशी बोलायला निमित्त मिळतं, असा त्यामागचा हिशेब. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. नुसतं 'सांभाळून' म्हटलेलं घरात कुणी ऐकत नाही. इंचात लिहिलेलं ऐकतात.

जेवणाच्या सुट्टीआधी हात धुणं हा स्वतंत्र तास असल्यासारखा चालतो. साबण, नखं, कोपरापर्यंत. तिथंच, नळापाशी, आजचा सगळ्यात अवघड विषय निघतो.

एका मुलाच्या घरी म्हैस व्यालीय. जार पडली, ती आजीनं फडक्यात बांधून वडाला टांगायला सांगितली. टांगली की म्हशीला दूध भरपूर येतं, म्हणे. मुलानंच ती उचलून नेली.

"हातानं?" डॉक्टर विचारतात.

"मग कशानं?"

डॉक्टर रागावत नाहीत. ते नळाच्या कट्ट्यावर बसतात आणि मुलांनाही बसवतात. ब्रुसेलोसिस नावाचा आजार असतो, ते सांगतात. त्यात गाय-म्हैस-शेळी गाभडते. त्याचे जंतू गर्भपाणी, जार आणि कच्च्या दुधातून माणसात येतात. माणसाला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात, रात्री घामानं अंथरूण भिजतं, महिनोन्‌महिने माणूस कशानं आजारी आहे ते कळत नाही. गरोदर बाईनं तर जार आणि गाभडलेल्या जनावरापासून लांबच राहावं. वडावरची जार कुत्री-घारी ओढतात, गावभर नेतात. त्यापेक्षा हातात मोजे घालून खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायची. कालवड-पारडी चार ते आठ महिन्यांची असताना या आजाराची एक लस मिळते, आयुष्यात एकदाच. 2019 पासून लाळ्या-खुरकतीबरोबर हिलाही राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, ती सरकारी दवाखान्यातून फुकट टोचली जाते. फक्त वय निघून जायच्या आत कळवलं पाहिजे.

"पण आजीला काय सांगू?" मुलगा विचारतो. त्याला खरंच पेच पडलाय. "तिला वाटंल, शाळेत जाऊन शहाणा झाला."

डॉक्टर क्षणभर गप्प बसतात. मग म्हणतात, "आजीची म्हशीवर माया आहे म्हणून ती ते करते. तिला विचार, पुरताना वर हळदकुंकू वाहिलं तर चालेल का. आणि सांग, घरात वहिनी गरोदर आहे, तिची काळजी म्हणून करतोय."

"वहिनी हाय गरोदर," मुलगा चकित होऊन म्हणतो. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. आजूबाजूची मुलं हसतात, पण तो हसत नाही. तो पुन्हा साबण घेतो आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागतो.

जेवणानंतर ऊन कलतं. शाळेच्या कुंपणापलीकडे ऊस उभा आहे, डोक्याच्या वर गेलेला. गोठ्याची जाळी छपरापर्यंत का आहे ते मी विचारते, तर एकाच वेळी चारजण उत्तर देतात. बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर, या चारही तालुक्यांत ऊस वाढला तसा बिबट्याही शेतात मुक्कामाला आला. मादी उसातच पिल्लं देते. आता कारखान्यांचा हंगाम सुरू होईल, ऊस तुटायला लागेल आणि आसरा गेला की तो वस्त्यांकडे सरकेल. चार फुटी भिंत आणि उघडं छप्पर असलेला गोठा म्हणजे त्याला आयतं ताट. म्हणून जाळी वरपर्यंत, दार आतून-बाहेरून कडीचं, रात्रभर दिवा. उसाच्या कडेला शेळी बांधायची नाही. संध्याकाळी एकट्यानं गवत कापायला ओणवं बसायचं नाही, कारण खाली वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. जनावर मारलं गेलं तर वनविभागाचा पंचनामा होईपर्यंत ते हलवायचं नाही, नाहीतर भरपाई अडते. मुलं हे सगळं पाढे म्हटल्यासारखं घडाघडा सांगतात आणि ऐकताना माझ्या पोटात कालवतं. यांच्यापैकी कितीतरीजण रोज उसाच्या वाटेनंच शाळेत येतात. जनावर सांभाळण्याचा धडा आणि स्वतःचा जीव सांभाळण्याचा धडा या भागात वेगळे काढताच येत नाहीत.

बोकडाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. मॅडमनी तो मुद्दाम मागं ठेवला असावा.

त्याचं नाव सुलतान. याच मुलांनी आठवीत असताना तो करडू म्हणून वाढवला. जन्मल्यावर पहिल्या तासात त्याला चीक पाजणारी मुलगी या वर्गात आहे. एक मुलगा त्याच्या कपाळाला तळवा लावून ढकलायला जातो आणि लगेच स्वतःच हात मागं घेतो. लहानपणी करडाशी असं टकरीचं खेळलं की ते मोठेपणीही माणसाला टक्कर द्यायला शिकतं, आणि चाळीस किलोच्या बोकडाची टक्कर गुडघा फोडते. हा धडा झालेला दिसतो.

"दिवाळीनंतर विकायचाय," मॅडम म्हणतात. "हिशेब काढा."

खुराक, लसी, औषध, चारा. वही भरते. उक्ता द्यायचा की वजनावर? उक्त्यात व्यापारी कमरेत हात घालून, पाठ चाचपून भाव सांगतो आणि तो नेहमी कमीच असतो, म्हणून वजनावरच. सगळे उत्साहानं बोलताहेत. मग चीक पाजणारी मुलगी विचारते, "घेणारा त्याला पाळणार का कापणार?"

वहीवरची पेन्सिल थांबते.

मॅडम टाळत नाहीत. "बहुतेक कापणार," त्या म्हणतात. "शेळीपालन आपण मांसासाठीच करतो. ते लपवून मी तुम्हाला हे शिकवू शकत नाही. आपल्या हातात काय आहे, तर तो इथं आहे तोवर त्याला भूक, तहान, आजार, भीती यांतलं काही सोसावं लागू नये. आणि इथून जाताना टेम्पोत पाय बांधून, एकावर एक टाकून जाऊ नये. गाडीत उभं राहायला जागा, खाली पेंढा, जायच्या आधी पाणी. हे कबूल करणाऱ्यालाच द्यायचा. शंभर-दोनशे कमी आले तरी."

मुलगी सुलतानच्या कानामागं खाजवतेय. ती रडत नाही. "गाडीत चढवायला मी येणार," ती म्हणते.

"ये."

वर्गात कुजबूज होते, कुणीतरी तिला चिडवायला तोंड उघडतं आणि धिप्पाड मुलगा त्याला कोपरानं ढोसतो. मला वाटतं, या वयाच्या मुलांशी याहून सरळ बोलता येणार नाही. शहरातल्या आपल्या ताटापर्यंत मांस येतं, दूध येतं, आणि त्यामागचा हा प्रश्न नववीतली एक पोर एका गोठ्यात उभी राहून विचारते. आपल्यापैकी किती जणांनी तो कधी विचारलाय?

घंटेला अजून थोडा वेळ आहे. मॅडम खडूनं दारामागच्या पत्र्यावर चौकोन आखायला घेतात. सुट्टीतल्या पाळ्या. त्या आखत असतानाच मागं कुरकुर सुरू होते. मामाच्या गावाला जायचंय. फटाके आणायला पुण्याला जायचंय. एकाची बहीण येणार आहे. वसुबारसेला सगळे यायला तयार आहेत, कारण त्या दिवशी गाय-वासराची पूजा आणि फोटो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळच्या चौकोनात मात्र कुणाचंच नाव पडत नाही.

"शेळ्यांना सांगू का मग, त्या दिवशी पाणी पिऊ नका म्हणून?"

शांतता. वेण्यावाली हात वर करते. तिचं घर सगळ्यात लांब आहे, उसाच्या पलीकडे.

"तू एकटी नाही," मॅडम लगेच म्हणतात. "आणि उजाडल्याशिवाय नाही. जोडीला कोण?"

पुन्हा कुणी बोलत नाही. मग आडमाप मुलगा, मघाचाच, पायानं मुरूम उकरत म्हणतो, "मी जातो. पण काजळची पापणी मी बघणार. मागच्या टायमाला हिनंच बघितली."

"मी बघितली म्हणूनच कळलं ना," वेण्यावाली म्हणते.

"अर्धी तू बघ, अर्धी तो," मॅडम खडू उचलतात. "एक डोळा एकानं, दुसरा दुसऱ्यानं. आणि दोघांचा आकडा वेगळा आला तर मला फोन. मी उचलला नाही तर जनावरांच्या हेल्पलाइनला, 1962 ला."

दोघांची नावं चौकोनात पडतात. पाडव्याचा चौकोन अजून रिकामा आहे, आणि त्यावरून मागं नवं भांडण लागलंय.